दहा मीटर एअर रायफलची कंपनीकडून दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरळी, बालेवाडी, कोल्हापूर किंवा पनवेलजवळच्या रेंजवर १० मीटर स्पर्धेसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक चांगल्या रायफली जर्मनी किंवा ऑस्ट्रियातून आलेल्या असतात. फाइनवर्कबाऊ ही कंपनी नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फची, वाल्थर आणि अन्शुट्झ या दोन्ही उल्म शहरातल्या, आणि स्टायर ऑस्ट्रियाची. रायफल घेताना हे अंतर जाणवत नाही, ते पहिल्या बिघाडाच्या वेळी जाणवते. नेमबाज आणि त्यांचे पालक या संदर्भात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दाबाखालील हवेवर चालणारी ४.५ मिलिमीटर व्यासाची स्पर्धेची रायफल समोर ठेवून ती लिहिलेली आहेत. परवान्याच्या रायफलीसाठी वेगळा प्रश्न शेवटी घेतला आहे.

गोळ्या एका जागी पडत नाहीत. रायफल बिघडली असे समजून कंपनीला कळवावे का?

लगेच कळवू नये. गट (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) पसरण्याची जी कारणे रायफलीच्या बाहेर असतात, ती आधी एकेक करून बाजूला काढावीत. छर्ऱ्यांचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला साठा, बदलला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा आणि त्याच मापाचा डबा असला, तरी लॉट बदलल्यावर गट बदलू शकतो. त्यानंतर यंत्रणा आणि दस्ता यांना जोडणारे स्क्रू, मागच्या डायऑप्टरची (बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या साइटची) पकड, पुढच्या साइटचे बूड आणि गालपट्टीचे स्क्रू योग्य पान्याने तपासावेत. प्रवासानंतर यांपैकी एखादा सैल झालेला आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे.

हे सर्व ठीक असेल, तर रायफल टेकूवर ठेवून, एकाच डब्यातील छर्ऱ्यांनी, दहा-दहा गोळ्यांचे काही गट घ्यावेत आणि शक्य असल्यास दुसऱ्या अनुभवी नेमबाजाकडूनही ते घ्यावेत. नव्या रायफलीसोबत कंपनी जो चाचणीचा कागद देते, तो रायफल शिकंजात पकडून झाडलेल्या गोळ्यांचा असतो, त्यामुळे टेकूवरचा गट त्याहून थोडा मोठा येणारच. परंतु तो दुपटीने-तिपटीने मोठा असेल आणि दोन्ही नेमबाजांचा तसाच येत असेल, तर कंपनीला कळवण्यासारखे काही तरी हाती आले असे समजावे.

रात्रभरात दाब उतरतो. दोष सिलिंडरचा की रायफलीचा, हे कसे ओळखावे?

यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. सिलिंडर भरून, रायफलीपासून वेगळा करून, त्यावरील गेजचा फोटो काढून चोवीस तास तसाच ठेवावा. काटा उतरला, तर गळती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गेजच्या जोडात आहे. काटा जागेवर राहिला, तर तोच सिलिंडर रायफलीला जोडून पुन्हा तितकाच वेळ थांबावे. आता काटा उतरला, तर गळती जोडावरील ओ-रिंगमध्ये (हवा अडवणाऱ्या रबरी कडीत) किंवा रायफलीच्या आत आहे. मित्राच्या त्याच मॉडेलच्या सिलिंडरवर हीच चाचणी केली, तर निष्कर्ष पक्का होतो.

तपमानाचे भान मात्र ठेवावे. नुकताच भरलेला सिलिंडर गरम असतो आणि तो थंड होताना काटा थोडा खाली येतोच, त्यामुळे पहिले वाचन भरल्यानंतर तासाभराने घ्यावे. साबणाचे पाणी जोडावर बोटाने लावून बुडबुडे पाहता येतात, मात्र ते बॅरलच्या मागील भागात किंवा ट्रिगरमध्ये जाता कामा नये. रायफल पाण्यात बुडवून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

वेग कमी-जास्त होत असल्याचे प्रशिक्षक म्हणतात. हा फरक इतका महत्त्वाचा असतो का?

असतो, आणि तो आकड्यांत मांडता येतो. छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघाला, तर हवेचा अडथळा हिशेबात न घेताही १० मीटरवर तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १७३ झाला, तर हीच घट सुमारे १६.४ मिलिमीटर होते. म्हणजे केवळ ३ मीटर प्रतिसेकंदाच्या फरकाने छर्रा अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वर लागतो. या लक्ष्यावर दहाचा बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दोन वर्तुळांमध्ये २.५ मिलिमीटरचे अंतर असते, त्यामुळे दशांश गुणांच्या पद्धतीत हा फरक सुमारे ०.२ गुणांचा ठरतो. पात्रता फेरीत अशा ६० गोळ्या असतात.

वेगमापक, म्हणजे क्रोनोग्राफ, बहुतेक मोठ्या रेंजवर किंवा एखाद्या प्रशिक्षकाकडे मिळतो. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना, अर्धा असताना आणि किमान मर्यादेजवळ असताना प्रत्येकी दहा गोळ्यांचा वेग नोंदवावा. केवळ सरासरी न लिहिता सर्व आकडे क्रमाने लिहावेत, कारण तंत्रज्ञाला क्रमातूनच अधिक कळते. बराच वेळ थांबल्यानंतरची पहिली गोळी दर वेळी वेगळी जात असेल, तर रेग्युलेटरकडे, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाकडे, बोट जाते. आकडे कोणत्याही क्रमाविना उड्या मारत असतील, तर आघात करणारा भाग, व्हॉल्व्ह किंवा छर्ऱ्यामागील सील यांचा संशय येतो. दाब घटेल तसा वेगही हळूहळू घटत असेल, तर रेग्युलेटर आपले काम करत नाही, किंवा आपण मॅन्युअलमधील किमान दाबाच्या खाली गोळ्या झाडत आहात.

घरी किंवा क्लबमध्ये किती उघडावे?

मॅन्युअलमध्ये वापरकर्त्यासाठी जे दिले आहे, तितकेच. सिलिंडरच्या जोडावरील ओ-रिंग बदलणे, बॅरल फेल्टच्या गोळ्यांनी स्वच्छ करणे, ट्रिगरचे दिलेले स्क्रू मर्यादेत फिरवणे आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असल्यास बॅटरी बदलणे एवढे काम नेमबाजाने शिकलेच पाहिजे. कंपनीने सांगितलेलेच ग्रीस वापरावे. शिवणयंत्राचे तेल, खोबरेल किंवा फवाऱ्याच्या डब्यातील कोणतेही तेल हवेच्या मार्गात जाऊ देऊ नये.

रेग्युलेटर, मुख्य व्हॉल्व्ह आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह मात्र उघडू नयेत. २०० बार म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट. इतक्या दाबाखालील भाग चुकीच्या क्रमाने सुटला, तर तो गोळीसारखाच उडतो. याशिवाय, उघडलेल्या स्क्रूवरील रंगाची खूण किंवा सील तुटलेले दिसले, तर वॉरंटीचा दावा तेथेच संपतो. यूट्यूबवर पाहून रेग्युलेटर उघडणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि कंपनीकडे जाणाऱ्या अवघड कामांत त्यांचा वाटा मोठा असावा, असे या पानाच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

कंपनीच्या ग्राहक सेवेला काय लिहावे?

ईमेल इंग्रजीत, लहान वाक्यांत आणि एका बिघाडापुरता लिहावा. त्यात मॉडेलचे पूर्ण नाव, रायफलीचा सिरियल नंबर, सिलिंडरवर कोरलेली उत्पादनाची तारीख, खरेदीचे वर्ष आणि विक्रेत्याचे नाव हवे. त्यानंतर बिघाड केव्हा सुरू झाला, तो सतत आहे की अधूनमधून, आपण कोणत्या चाचण्या केल्या आणि त्यांत काय दिसले, हे लिहावे. सिलिंडर कशाने भरला जातो, म्हणजे हातपंपाने, क्लबच्या कॉम्प्रेसरने की मोठ्या साठवण सिलिंडरवरून, हेही आवर्जून सांगावे, कारण गळतीच्या बहुतेक तक्रारींत तंत्रज्ञाचा पहिला उलटप्रश्न तोच असतो. सोबत गेजचे दोन फोटो, वेगाच्या नोंदी, लक्ष्यकागदाचा फोटो आणि बिल जोडावे. आवाज ऐकू येत असेल, तर दहा सेकंदांची चित्रफीत दोन पानांच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडते.

“रायफल नीट चालत नाही, कृपया लवकर मदत करा, पुढच्या आठवड्यात राज्य स्पर्धा आहे” असे लिहून पाठवलेल्या पत्राला उत्तर म्हणून प्रश्नांची यादी येते आणि त्यात आठवडा जातो. स्पर्धेची तारीख लिहायला हरकत नाही, पण ती पत्राच्या शेवटी लिहावी.

थेट कंपनीला लिहावे की भारतातील विक्रेत्याला?

रायफल भारतातील अधिकृत विक्रेत्याकडून घेतली असेल, तर पत्र विक्रेत्याला लिहून कंपनीला त्याची प्रत द्यावी. करार आपला आणि विक्रेत्याचा आहे, पैसे त्याने घेतले आहेत आणि सुट्या भागांची आयातही बहुधा तोच करतो. कंपनी आपल्याला त्याच्याकडेच परत पाठवण्याची शक्यता अधिक असते. प्रत दिल्यामुळे पत्राची तारीख मात्र दोन्हीकडे नोंदली जाते.

नेमबाजाने रायफल स्वतः परदेशातून आणली असेल, तर जिथून बिल झाले त्या दुकानाला आणि कंपनीला लिहावे. दुसऱ्या हाताची रायफल असल्यास मूळ मालकाकडून बिलाची प्रत व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावी. नंतर ती मिळवणे कठीण जाते.

वॉरंटीत नेमके काय बसते?

सामान्यतः साहित्यातील आणि जुळणीतील दोष बसतात. ओ-रिंग, सील आणि बॅटरी यांसारखे झिजणारे भाग, पडल्यामुळे झालेले नुकसान, गंज आणि परवानगीविना केलेले फेरफार बसत नाहीत. मुदत आणि अटी प्रत्येक कंपनीच्या कागदावर पाहाव्यात.

कोकणात आणि मुंबईत गंजाचा मुद्दा वादाचा ठरतो. जून ते सप्टेंबर या काळात रायफल फोमच्या बंद पेटीत ओलसर घामासह ठेवली, तर पुढच्या साइटच्या बुडाशी आणि बॅरलच्या बाहेरील बाजूस डाग पडतात आणि कंपनी त्याला निगेतील त्रुटीच मानते. सरावानंतर पेटी उघडी ठेवून रायफल कोरडी करणे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलणे एवढा उपाय पुरतो.

त्याहून लपून राहणारे नुकसान हवेच्या मार्गातील ओलाव्यामुळे होते. पावसाळ्यात हातपंपाने किंवा फिल्टर न बदललेल्या कॉम्प्रेसरने भरलेली हवा आपल्यासोबत पाणी सिलिंडरमध्ये नेते. ते पुढे रेग्युलेटरमध्ये पोहोचते आणि तेथील बारीक जाळी व स्प्रिंगवर परिणाम करते. तंत्रज्ञ रेग्युलेटर उघडतो, तेव्हा त्याला हे लगेच दिसते. म्हणून आपल्या क्लबच्या कॉम्प्रेसरचा फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, हे विचारण्याचा प्रत्येक सदस्याला अधिकार आहे आणि तो त्याने वापरावा. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवाच भरायची असते. वैद्यकीय किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण त्याच्या संपर्कात तेल किंवा ग्रीस पेट घेऊन स्फोट होऊ शकतो.

पूर्ण रायफल जर्मनीला पाठवावीच लागते का?

बहुतेक वेळा नाही. नीट निदान झाल्यावर कंपनी अनेकदा सीलचा संच, गेज किंवा पूर्ण रेग्युलेटर पाठवण्यास तयार होते आणि तो येथील प्रशिक्षित तंत्रज्ञ बसवतो. पाठवावेच लागले, तर दस्ता, गालपट्टी, वजने आणि साइट काढून केवळ यंत्रणा आणि बॅरल पाठवता येईल का, हे विचारावे. त्यामुळे वजन आणि विम्याची रक्कम कमी होते, शिवाय नेमबाजाने महिनोन् महिने बसवलेली दस्त्याची मापे विस्कटत नाहीत. तरीही दस्ता काढण्यापूर्वी प्रत्येक मापाची नोंद करावी आणि फोटो काढावा.

आणखी एक मार्ग आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या ठिकाणी, विशेषतः म्युनिक येथील विश्वचषकात, या कंपन्यांचे तंत्रज्ञ सेवेसाठी बसलेले असतात. संघातील एखादा नेमबाज तेथे जाणार असेल, तर सुटा भाग आणणे किंवा सल्ला घेणे सोपे जाते. दुसऱ्याची रायफल आपल्या नावावर नेणे मात्र कस्टम्सच्या दृष्टीने अडचणीचे आहे, म्हणून ती मागणी कोणाकडे करू नये.

पाठवताना पॅकिंग आणि वाहतुकीचे नियम काय आहेत?

सिलिंडर पूर्ण रिकामा करावा आणि रायफलीपासून वेगळा ठेवावा. दाबाखालील हवा वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल म्हणून धरली जाते (संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १००२), आणि भरलेला सिलिंडर साध्या पार्सलमधून विमानात चढत नाही. सिलिंडरमध्ये दोष नसेल, तर तो पाठवूच नये. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची बॅटरी काढून घ्यावी.

अनेक कुरिअर कंपन्या बंदुकीच्या आकाराची कोणतीही वस्तू स्वीकारत नाहीत, मग ती परवानामुक्त असली तरी. “खेळाचे साहित्य” असे मोघम लिहून पार्सल पुढे ढकलण्याचा सल्ला काही जण देतात. तो धोक्याचा आहे, कारण एक्स-रेमध्ये वस्तू दिसतेच आणि खोट्या घोषणेमुळे पार्सल अडकते. वस्तूचे खरे वर्णन, सिरियल नंबर, व्यास आणि ऊर्जा लिहिलेले पत्र आतही ठेवावे आणि बाहेरही लावावे.

दुरुस्त होऊन परत येताना पुन्हा पूर्ण सीमाशुल्क भरावे लागते का?

कागद आधीच नीट केले असतील, तर नाही. ३० जून २०१७ च्या सीमाशुल्क अधिसूचना क्रमांक ४५/२०१७ प्रमाणे, दुरुस्तीसाठी निर्यात केलेली वस्तू परत आणताना शुल्क पूर्ण किमतीवर आकारले जात नाही. ते दुरुस्तीची रास्त किंमत, त्यात वापरलेले साहित्य, आणि जाण्यायेण्याचा विमा व भाडे यांच्या बेरजेवर आकारले जाते. वस्तू तीच असली पाहिजे, मालकी बदललेली नसावी, आणि ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत परत यायला हवी.

या सवलतीचा पाया निर्यातीच्या वेळी घातला जातो. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या वेळी कस्टम्सला दिल्या जाणाऱ्या कागदावर, “दुरुस्तीसाठी व पुन्हा आयातीसाठी” अशी नोंद आणि सिरियल नंबर नसेल, तर परत आलेली रायफल हीच आपली रायफल आहे, हे सिद्ध करणे अवघड होते. एअर रायफली सीमाशुल्काच्या वर्गीकरणात ९३०४ या शीर्षकाखाली, म्हणजे शस्त्रांच्या प्रकरणात येतात, हेही लक्षात ठेवावे. त्यामुळे हे काम स्वतः करण्याऐवजी या प्रकरणाचा अनुभव असलेल्या कस्टम्स ब्रोकरकडे किंवा विक्रेत्याकडे सोपवावे. आयात परवानगीसाठी मूळ खरेदीच्या वेळी राष्ट्रीय रायफल संघटनेचे पत्र घेतले असेल, तर त्याची प्रतही सोबत ठेवावी.

सिलिंडरची मुदत संपली आहे, पण तो उत्तम चालतो. कंपनी त्याची तपासणी करून मुदत वाढवून देईल का?

असे गृहीत धरू नये. स्पर्धेच्या सिलिंडरची वापरमुदत सामान्यतः उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे धरली जाते, खरेदीच्या तारखेपासून नाही. सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार खेळाडूची असते आणि उपकरण तपासणीत तारीख पाहिली जाते. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून “अजून चालतो” हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. दुसऱ्या हाताची रायफल घेताना सर्वांत आधी ही तारीख वाचावी. मुदत संपत आलेला सिलिंडर असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करून मागण्यात काहीही गैर नाही.

माझी रायफल फार जुनी आहे. कंपनी ती हाती घेईल का?

मॉडेलवर अवलंबून आहे. अनेक क्लबांत अजूनही फाइनवर्कबाऊची स्प्रिंगवर चालणारी ३०० एस किंवा एका हिसक्यात हवा दाबणारी ६०० मालिकेतील रायफल आहे. अशा रायफलींचे सील आणि स्प्रिंगसारखे भाग अजूनही मिळू शकतात, परंतु ते युरोपातील सुट्या भागांच्या दुकानांकडून मागवावे लागण्याची शक्यता अधिक असते. दुरुस्तीचा आणि वाहतुकीचा खर्च रायफलीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर ती नवशिक्यांच्या सरावासाठी येथेच दुरुस्त करून घ्यावी.

परत आलेली रायफल पूर्वीपेक्षा संथ वाटते. काही चुकले आहे का?

बहुधा नाही. जर्मनीत पंचकोनात “एफ” हे अक्षर असलेल्या हवेच्या बंदुकांची ऊर्जा ७.५ ज्यूलच्या आत ठेवावी लागते. मधल्या काळात येथे कोणी वेगाचा स्क्रू फिरवला असेल, तर कंपनी तो परत मूळ मर्यादेत आणून देते. वेग वाढवल्याने अचूकता वाढते, ही समजूत चुकीची आहे. १० मीटरवर वेगाची समानता हवी असते.

रायफल आल्यावर सोबतचा सेवा अहवाल वाचावा, बदललेले भाग आणि नवा चाचणीकागद जपून ठेवावा, वेगाच्या नोंदी पुन्हा घ्याव्यात, आणि छर्ऱ्यांची चाचणी नव्याने करावी. साइटचे शून्य नव्याने जुळवावे लागणारच. महत्त्वाच्या स्पर्धेच्या अगदी आधी रायफल दुरुस्तीला न पाठवण्याचे खरे कारण वाहतुकीतील विलंबाइतकेच हेही आहे.

विक्रेता दाद देत नाही. पुढे काय करावे?

आधी लेखी तक्रार करून उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथे तोडगा निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. फी घेऊन चालवल्या जाणाऱ्या अकादमीने रायफल घेतली असेल, तर ती व्यावसायिक हेतूने घेतली असा आक्षेप विक्रेता घेऊ शकतो, म्हणून अकादमीने वकिलाचा सल्ला घ्यावा. परदेशी कंपनीविरुद्ध येथून दाद मागणे फारच खर्चिक पडते. अधिकृत विक्रेत्याचे बिल चार पैसे महाग असले तरी तेच घ्यावे, असे जे सांगितले जाते, ते यासाठी.

माझ्याकडे ५० मीटरची .२२ रायफल आहे. हीच पद्धत तिलाही लागू होते का?

नाही. वर सांगितलेली रायफल साधारण ७ ते ८ ज्यूल ऊर्जेची असते, आणि शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे .१७७ इंचापर्यंत व्यासाच्या, २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. .२२ रायफल हे अग्निशस्त्र आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती करण्यासाठीदेखील परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडून केलेले किरकोळ काम हासुद्धा गुन्हा ठरतो. ते काम त्याने केले, म्हणून आपली सुटका होत नाही.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांना ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळाल्यानंतर या प्रकाराकडे वळणाऱ्या घरांनी हा फरक विशेष लक्षात घ्यावा. अशी रायफल कुरिअरने पाठवू नये. ती परवान्यासह स्वतः परवानाधारक विक्रेत्याकडे न्यावी, सिरियल नंबर, परवाना क्रमांक आणि बिघाड लिहिलेली पावती घ्यावी, आणि कंपनीशी पत्रव्यवहार त्याच्यामार्फत करावा. इशापूर येथील कारखान्यात बनलेल्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीलाही हाच नियम आहे. दुरुस्ती लांबून परवान्याची मुदत मध्येच संपणार असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वीच करावा आणि रायफल विक्रेत्याकडे असल्याची पावती त्या अर्जाला जोडावी.